काय बिघडले आहे?

आमच्या घरी अम्मीचे एक शिवणयंत्र आहे. ते माझ्या जन्माच्या आधीपासूनचे आहे. त्याचा पट्टा कितीदा बदलला आणि सुया किती मोडल्या, याची गणती नाही. एका पावसाळ्यात त्याची लाकडी फळी फुगून उखडली. अम्मीने ती सुताराकडून नवी करून घेतली. दर रविवारी ती यंत्राला तेलाचे चार थेंब देते आणि जुन्या ओढणीच्या तुकड्याने ते पुसून ठेवते. लहानपणी मी एकदा तिला विचारले, "अम्मी, नवीन मशीन का घेत नाहीस?" अम्मीने मान वर न करता मलाच उलट विचारले, "इसको हुआ क्या है?"

याला झाले आहे तरी काय? त्या वेळी या प्रश्नाचे मला हसू आले होते. पुढे शिक्षिका झाल्यावर तोच प्रश्न दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून ऐकला, तेव्हा मात्र मी विचारात पडले.

मी संगमनेरच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. दहावीनंतर मी एमएस-सीआयटीची परीक्षा दिली होती. त्यामुळे संगणकाचे तासही माझ्याकडेच आले. आमच्या संगणक-कक्षात दहा संगणक होते. काही शाळेने घेतलेले होते. काही पुण्यातील एका कार्यालयाने आपल्यासाठी नवे घेतले, तेव्हा आम्हांला दिलेले होते. सगळे दहा-बारा वर्षांचे जुने. त्यांपैकी चालत होते फक्त तीन आणि तेही रडतखडत.

नववीच्या वर्गात बेचाळीस मुले. म्हणजे एका संगणकाभोवती चौदा जण. तास पस्तीस मिनिटांचा. एकेकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येत. संगणक सुरू होण्यातच चार मिनिटे जात, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढीही मिळत नसत. दांडगी मुले पुढे घुसत. मागे उभी राहणारी मुले मागेच राहत.

त्या मागच्या मुलांत एक मुलगी होती. तिची आई घरी विड्या वळते. आमच्या संगमनेरात विडीच्या कामावर कितीतरी घरे चालली आहेत. ही मुलगीही शाळा सुटल्यावर आईजवळ बसून तेंदूची पाने कापते. तिची बोटे फार चपळ आहेत. पण त्या बोटांनी सहा महिन्यांत संगणकाच्या कळफलकाला स्पर्शही केला नव्हता. एकदा वही तपासताना मला तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक चित्र दिसले. तिने पट्टीने चौकोन आखून कळफलक काढला होता आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर लिहिले होते. मी विचारले, "हे काय आहे?" ती हळूच म्हणाली, "टीचर, घरी यावर बोटं फिरवते."

मला फार वाईट वाटले. तिला मी काय उत्तर देणार होते?

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. आमच्या संगणकांवर विंडोज १० ही प्रणाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला. नवी विंडोज ११ आमच्या संगणकांवर बसत नव्हती, कारण तिला लागणारा प्रोसेसर आणि सुरक्षेची चिप त्यांत नव्हती. शाळेत चर्चा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "आता यांचं निर्लेखन करून टाकू." निर्लेखन म्हणजे वस्तू निकामी ठरवून जडवस्तू संग्रह नोंदवहीतून तिचे नाव कमी करणे. लिपिकांनी बैठकीसाठी यादी केली. दहा संगणकांची दहा नावे लिहिली आणि 'शेरा' या रकान्यात पेन्सिलीने दहा वेळा एकच शब्द लिहिला : निकामी. भंगारवाला किलोवर भाव करून गेलासुद्धा.

मी मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, दिवाळीच्या सुट्टीपुरते थांबा. मी एकदा दाखवून आणते." ते म्हणाले, "दाखवा. पण नव्या वस्तूइतका खर्च जुन्यावर करू नका." त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी मी बंद पडलेला एक संगणक रिक्षात घालून बसस्थानकाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान लहानसे. भिंतीला पंखे, वायरी आणि उघडे पडलेले संगणक टांगलेले. दुकानदार भाऊंनी विचारले, "काय बिघडलंय?"

मी म्हणाले, "बंद पडलाय."

"ते दिसतंच आहे, मॅडम. काय बिघडलंय ते सांगा. बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? आवाज येतो का? पडद्यावर काही उमटतं का? लगेच बंद होतो, की थोड्या वेळानं?"

मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. दोन वर्षे तो संगणक माझ्या वर्गात होता. पण 'बंद पडला' यापलीकडे मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते.

भाऊंनी बटण दाबले. पंखा फिरला आणि आतून 'टूं टूं' असा आवाज येऊ लागला. ते म्हणाले, "हा मुका नाही. स्वतःच सांगतोय. याला रॅम सापडत नाही." रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. काम करताना लागणारी माहिती तो तिथे मांडून ठेवतो, जशी आपण अभ्यासाला बसताना वह्या-पुस्तके मेजावर मांडतो. भाऊंनी वीजजोडणी काढली, झाकण उघडले आणि बोटभर लांबीची एक पट्टी बाहेर काढली. तिच्या कडेला सोनेरी दाते होते. त्यांच्यावर धुळीचा आणि दमटपणाचा काळपट थर चढला होता. त्यांनी खणातून शाळेतली मुले वापरतात तसले साधे खोडरबर काढले, दाते हलक्या हाताने घासले, ब्रशने झटकले आणि पट्टी परत बसवली. संगणक सुरू झाला.

दोन वर्षे निकामी असलेली वस्तू खोडरबराने सुरू झाली, याचा मला आनंद झाला आणि शरमही वाटली.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात आम्हांला 'निदानात्मक चाचणी' आणि 'उपचारात्मक अध्यापन' हे शब्द शिकवले होते. मूल नेमके कोठे अडले आहे ते आधी शोधावे आणि मग तेवढ्याच जागी मदत करावी, असा त्यांचा अर्थ. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिले होते. पण शिक्षक-कक्षात 'तो मुलगा कच्चा आहे' असे आम्ही किती सहज म्हणतो! 'कच्चा आहे' हे 'बंद पडलाय' यासारखेच उत्तर आहे. काय अडले आहे, ते त्यात येतच नाही. हा धडा मला त्या दुकानात मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी आठ मुलांना शाळेत बोलावले. कळफलकाचे चित्र काढणारी ती मुलगीही त्यांत होती. भाऊ रोज दुपारी दोन तास येऊन मार्गदर्शन करीत. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन नियम फळ्यावर लिहायला लावले. वीजजोडणी काढल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. आतील भागाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या धातूला स्पर्श करायचा. कारण कोरड्या केसांवरून कंगवा फिरवल्यावर जी वीज तयार होते, तसलीच वीज आपल्या अंगावरही असते आणि तिने नाजूक चिप जळू शकते. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : वीजपुरवठ्याची बंद पेटी, म्हणजे एसएमपीएस, कोणीही उघडायची नाही. जोडणी काढल्यावरही तिच्यात काही वेळ धोकादायक वीज साठून राहते.

मग आम्ही प्रत्येक संगणकासाठी वहीत एक पान केले. वर त्याचा क्रमांक आणि खाली भाऊंचे प्रश्न लिहिले. पंखा फिरतो का? आवाज येतो का? कधी बंद होतो? मुलांनी डॉक्टरांच्या थाटात उत्तरे भरली.

एक संगणक दहा मिनिटे चालून बंद पडत असे. त्याच्या प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीचे बोळे अडकले होते आणि उष्णता वाहून नेणारा लेप वाळून पापडासारखा झाला होता. व्हरांड्यात नेऊन ब्रशने धूळ काढली, नवा लेप लावला आणि तो दिवसभर चालू राहिला.

दुसऱ्याची गंमत वेगळीच होती. तो सुरू होई. पण इंटरनेटवरचे एकही पान उघडत नसे. मुलांनी पाहिले, तर त्याच्या घड्याळात २०१० साल होते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ एका चपट्या सेलवर चालते. त्या सेलवर सीआर-२०३२ असे लिहिलेले असते. त्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर असते, म्हणून तो आकडा. सेल संपला की तारीख चुकते आणि सुरक्षित संकेतस्थळे अशा संगणकावर उघडत नाहीत. कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत तारखेवरूनच तपासली जाते. नवा सेल बसवला, तारीख लावली आणि पाने उघडू लागली.

तीन संगणकांच्या मुख्य बोर्डावरचे कपॅसिटर फुगून फुटले होते. भाऊ म्हणाले, "हे बदलता येतील; पण बोर्ड किती दिवस टिकेल, याची खात्री मी देणार नाही. यांच्यावर पैसे घालू नका." दुरुस्तीवर पोट असलेला माणूस हे सांगत होता. केव्हा हात लावायचा आणि केव्हा थांबायचे, हे ज्याला कळते तोच खरा कारागीर, असे मला वाटते.

पण ते तिघेही वाया गेले नाहीत. एकाचा वीजपुरवठा चांगला होता. तो ज्या संगणकाचा जळला होता, त्याला बसवला. त्यांच्या रॅमच्या पट्ट्या काढून इतरांना दिल्या. येथेही एक गोष्ट शिकायला मिळाली. डीडीआर-२ प्रकारची पट्टी डीडीआर-३ च्या खाचेत बसत नाही; दोन्हींच्या कडेचा छेद वेगवेगळ्या ठिकाणी असतो. जोर लावला तर पट्टीही मोडते आणि खाचही. ज्यांना जुळल्या, त्यांची स्मृती दोनवरून चार जीबी झाली.

अशा रीतीने दहांपैकी सात संगणक उभे राहिले. आता प्रश्न वेगाचा होता. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडा तिच्यावरून माहिती शोधत हिंडतो. नव्या एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. माहिती चिपमध्ये असते आणि चटकन मिळते. शिक्षकांनी वर्गणी काढली, पालक-शिक्षक संघाने भर घातली आणि सात लहान एसएसडी आल्या. सुरू व्हायला चार मिनिटे घेणारे संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागले.

त्यांवर आम्ही लिनक्सची एक हलकी प्रणाली बसवली. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. ती कोणालाही मोफत वापरता येते, वाटता येते आणि जुन्या संगणकांना झेपेल अशा रूपांतही मिळते. तिच्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे आणि उर्दूचाही आहे. एकाच पानावर मराठी डावीकडून उजवीकडे आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता येते.

येथपर्यंत सगळे चांगले झाले. आता माझ्या हातून घडलेली चूकही सांगितली पाहिजे.

काढलेल्या हार्ड डिस्क भंगारात देण्यापूर्वी पूर्ण पुसाव्यात, असे भाऊंनी सांगितले होते. त्यांत मुलांची नावे, पत्ते आणि गुण असतात. ते कोणाच्या हाती पडू नयेत. त्यांनी असेही सांगितले होते की, पुसण्यापूर्वी आत काय आहे ते पाहा आणि हवे ते उतरवून ठेवा. मी घाईत होते. सुट्टी संपत आली होती. मी न पाहता सगळ्या डिस्क एका दिवसात पुसून टाकल्या.

नोव्हेंबरमध्ये आमचे निवृत्त मराठीचे सर शाळेत आले. त्यांनी बरीच वर्षे खपून उर्दू म्हणी आणि त्यांच्या जोडीच्या मराठी म्हणी जमवल्या होत्या. तीनशेच्या वर जोड्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या संगणकात होत्या आणि दुसरीकडे कोठेही नव्हत्या. सर म्हणाले, "संगणक सुरू झाले असं ऐकलं. आता माझी फाईल छापून घ्यावी म्हणतो."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. मी खरे ते सांगितले. सर काही बोलले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा पुसला. मला वाटले, ते रागावले असते तर बरे झाले असते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "सगळंच गेलं?" मी मान हलवली. नंतर ते म्हणाले, "माझीही चूक आहे. एकाच ठिकाणी ठेवलं होतं. तुमच्या नववीला किती म्हणी येतात?"

दुसऱ्या आठवड्यापासून सर बुधवारी वर्गावर येऊ लागले. मुले घरून, आजी-आजोबांकडून म्हणी विचारून आणीत. सर त्या तपासत, जोडी लावत आणि मुले त्या दोन्ही लिप्यांत टंकित करीत. कळफलकाचे चित्र काढणारी ती मुलगी आता सर्वांत जलद टंकलेखन करते. कागदावर फिरवलेली बोटे वाया गेली नव्हती. तिने टंकित केलेली पहिली जोडी अशी होती : 'नाच न जाने आँगन टेढ़ा' आणि 'नाचता येईना अंगण वाकडे'. सर माझ्याकडे पाहून हसले. दुसरी जोडी मी स्वतः सांगितली : 'दूध का जला छाछ भी फूँक फूँक कर पीता है' आणि 'दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात'. आता प्रत्येक फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या संगणकावर असते. वार्षिक परीक्षेपर्यंत दीडशे जोड्या झाल्या. गेलेल्या सगळ्या काही परत आल्या नाहीत. काही म्हणी सरांनाही आता आठवत नाहीत. ती हानी माझ्या नावावर आहे.

त्या दिवसांत मी संगणकाबद्दल काही वाचन केले. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पडद्यासह एक संगणक तयार करण्यासाठी त्या काळी सुमारे २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १५०० लीटर पाणी लागत असे. हंडा पंधरा लिटरचा धरला, तर हे शंभर हंडे होतात. आमच्या तालुक्यात प्रवरेच्या काठी पाणी आहे. पण तळेगाव दिघेकडच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसांना हंड्याची किंमत सांगावी लागत नाही. वर्गात हा आकडा सांगितला, तेव्हा मुले गप्प झाली. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा तयार झाला आणि त्याच्या पाव हिश्शावरही रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद नाही. बाकीचा कचरा कोठेतरी पडतो, पुरला जातो किंवा तांब्यासाठी जाळला जातो आणि त्याचा धूर तेथील मुलांच्या छातीत जातो.

म्हणून आमचे तीन निकामी बोर्ड आम्ही किलोवर विकले नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे असा कचरा नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यायचा असतो. तो तसा दिला.

आमच्या सात संगणकांवर सगळेच होत नाही. मोठे चित्रपट जोडणे, अवजड खेळ खेळणे त्यांना झेपत नाही. पण टंकलेखन, चित्रे, हिशेबाचे तक्ते, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे ते नीट करतात. आता अर्धा वर्ग संगणक-कक्षात आणि अर्धा वाचनालयात, अशी विभागणी केली आहे. एका संगणकावर तीन मुले असतात. अडीच मिनिटांऐवजी एकेकाला जवळजवळ बारा मिनिटे मिळतात.

सुट्टीनंतरच्या बैठकीच्या आदल्या दिवशी लिपिकांनी ती यादी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, शेरा तुम्हीच दुरुस्त करा." मी खिशात हात घातला. रॅमचे दाते घासून काळे झालेले खोडरबर अजून तेथेच होते. त्याने मी सात ओळींतला 'निकामी' हा शब्द खोडला. तीन ओळींत तो तसाच राहू दिला.

संध्याकाळी घरी गेले, तेव्हा अम्मी यंत्राला तेल देत होती. मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "इतके दिवस लागले हे कळायला?" आणि तिने यंत्र पुसण्याचा कपडा माझ्या हाती दिला.